तणनाशकसहिष्णू सोयाबीन पद्धती : उत्पन्नांच्या तुलनेचा इतिहास

विशिष्ट तणनाशक उभ्या पिकावर फवारले असता तणे मरतात, परंतु पिकास अपाय होत नाही, असे गुणधर्म असलेल्या सोयाबीनच्या वाणांस तणनाशकसहिष्णू वाण म्हणतात. असे बियाणे, त्यासाठी नेमलेले तणनाशक, फवारणीची वेळ, मशागतीचा प्रकार व ओळींमधील अंतर यांच्या एकत्रित योजनेस तणनाशकसहिष्णू सोयाबीन पद्धती अशी संज्ञा आहे. १९९६ मध्ये अमेरिकेची संयुक्त संस्थाने व अर्जेंटिना या देशांत ग्लायफोसेटसहिष्णू सोयाबीनची व्यापारी लागवड सुरू झाली. तेव्हापासून या पद्धतीने हेक्टरी उत्पन्न वाढते, घटते की तेवढेच राहते, याविषयी सतत वाद होत आला आहे. निरनिराळ्या चाचण्यांतून घट, समानता व मोठी वाढ असे तिन्ही निष्कर्ष निघाले. या निष्कर्षांत दिसणारी विसंगती बव्हंशी वरवरची आहे. प्रत्येक चाचणीत तुलनेसाठी घेतलेली जोडी वेगळी होती व त्यामुळे मुळात विचारलेला प्रश्नही वेगळा होता.

तण आणि उत्पन्न : सोयाबीनचे पीक उगवणीनंतर पहिले चार ते सहा आठवडे तणांच्या स्पर्धेस फारसे तोंड देऊ शकत नाही. या काळात शेत तणमुक्त राहिल्यास पुढे पिकाची पाने ओळींमधील जमीन झाकून टाकतात आणि उशिरा उगवणारी तणे सावलीमुळे खुरटतात. तणांचे नियंत्रण अजिबात न केल्यास होणारी हानी फार मोठी असते. उत्तर अमेरिकेतील २००७ ते २०१३ या काळातील चाचण्यांच्या संकलनावरून ही घट सरासरीने सु. ५२ टक्के असल्याचे दिसून आले. तथापि व्यवहारात कोणताही व्यापारी शेतकरी तणे मुळीच न काढता पीक घेत नाही. म्हणून नव्या पद्धतीचा लाभ मोजताना तणांनी व्यापलेले शेत हे तुलनेचे माप धरून चालत नाही. शेतकरी आधी ज्या पद्धतीने तणे काढीत होता ती पद्धती हेच खरे माप होय.

अमेरिकेत १९६० नंतर ट्रायफ्ल्युरालिनासारखी पेरणीपूर्वी मातीत मिसळण्याची तणनाशके प्रचारात आली. १९८० नंतरच्या दशकात इमॅझेथॅपिरसारखी, उगवणीनंतर वापरावयाची व अल्प मात्रेत परिणामकारक ठरणारी द्रव्ये उपलब्ध झाली. त्यांमुळे चांगले नियंत्रण साध्य होत असे. परंतु रुंद पानांच्या व गवतवर्गीय तणांसाठी वेगवेगळी द्रव्ये निवडावी लागत, तणांची उंची वाढण्यापूर्वी फवारणी उरकावी लागे आणि काही द्रव्यांमुळे पिकाची पाने करपत किंवा वाढ काही दिवस थांबत असे. काही द्रव्यांचा अंश मातीत राहून पुढील मक्याच्या पिकास बाधत असे. १९९० च्या सुमारास या द्रव्यांना न जुमानणारी तणेही वाढू लागली होती. मध्य-पश्चिमेकडील कुशल शेतकऱ्याचे शेत त्या वेळीही बरेचसे स्वच्छ असे. मात्र त्यासाठी त्याला खर्च, वेळ व दक्षता या तिन्हींची किंमत मोजावी लागत असे.

सहिष्णू वाणांचा विकास : सहिष्णुतेचा गुण केवळ जनुकांतरणानेच येतो असे नाही. बियांवर उत्परिवर्तक रसायनांची प्रक्रिया करून सल्फोनिलयूरिया गटातील तणनाशकांस अधिक सहिष्णू असलेले सोयाबीन निवडण्यात आल्याचे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले व त्यापासून तयार केलेले वाण १९९० नंतरच्या दशकात बाजारात आले. परंतु उत्पन्नाविषयीचा वाद प्रामुख्याने ग्लायफोसेटसहिष्णू वाणांभोवतीच फिरत राहिला.

ग्लायफोसेट हे संयुग स्वित्झर्लंडमधील हेन्री मार्टिन यांनी १९५० मध्ये तयार केले होते. पण त्याचा तणनाशक गुण मॉन्सँटो कंपनीतील जॉन ई. फ्रांझ यांनी १९७० मध्ये शोधून काढला आणि १९७४ पासून ते ‘राउंडअप’ या नावाने विकले जाऊ लागले. वनस्पतींत काही आवश्यक ॲमिनो अम्ले शिकिमेट मार्गाने तयार होतात. या मार्गातील ईपीएसपीएस हे एंझाइम ग्लायफोसेटामुळे निष्क्रिय होते, असे श्टाइनर्युकेन व आम्राइन यांनी १९८० मध्ये दाखविले. हे एंझाइम जवळजवळ सर्वच वनस्पतींत असल्याने ग्लायफोसेट तण व पीक असा भेद करीत नाही. म्हणून सोयाबीनच्या उभ्या पिकात त्याचा सरसकट वापर करता येत नव्हता.

ही अडचण दूर करणारे जनुक ॲग्रोबॅक्टिरियमाच्या सीपी-४ या विभेदातून मिळाले. ग्लायफोसेट बनविणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या प्रक्रियेत हा सूक्ष्मजंतू आढळला होता. त्याचे ईपीएसपीएस एंझाइम ग्लायफोसेटाच्या सान्निध्यातही कार्य करीत राहते. हे जनुक कणभडिमार तंत्राने ए ५४०३ या सोयाबीन वाणात घालण्यात आले व त्यातून ४०-३-२ हा वंश निवडण्यात आला. स्टीफन पॅजेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढे याच एका वंशातील गुण पश्चसंकराने शेकडो वाणांत उतरविण्यात आला. पश्चसंकर म्हणजे नवा गुण असलेल्या झाडाचा इच्छित वाणाशी संकर करून येणाऱ्या संततीचा त्याच वाणाशी पुनःपुन्हा संकर करणे. या क्रियेत मूळ वाणाचे बहुतेक गुण परत येतात. तथापि इष्ट जनुकाच्या शेजारचे जुने जनुक-तुकडेही त्याच्याबरोबर येण्याची शक्यता राहते. उत्पन्नाच्या वादाचे एक मूळ येथेच आहे.

पहिल्या चाचण्या : व्यापारी लागवडीपूर्वी १९९२ ते १९९४ या तीन हंगामांत अमेरिकेच्या अनेक ठिकाणी ४०-३-२ या वंशाच्या चाचण्या घेण्यात आल्या. झेव्हिए डेलाने व सहकाऱ्यांनी त्यांचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. ग्लायफोसेट फवारलेल्या व न फवारलेल्या वाफ्यांच्या उत्पन्नांत लक्षणीय फरक आढळला नाही. ही चाचणी तिच्या उद्दिष्टापुरती निर्णायक होती. मात्र तिच्यात तुलना झाली ती एकाच वंशाच्या दोन वाफ्यांची. फवारणीमुळे पिकास इजा होते काय, या प्रश्नाचे उत्तर तिने दिले. जनुक नसलेल्या सोयाबीनपेक्षा हा वंश कमी किंवा अधिक पिकतो काय, हा प्रश्न त्या तुलनेत अंतर्भूत नव्हता. पुढील काळात हा भेद अनेकदा विसरला गेला आणि फवारणी निर्धोक आहे या निष्कर्षाचा अर्थ उत्पन्न समान आहे असा लावला गेला.

विद्यापीठांच्या वाणचाचण्या : अमेरिकेतील राज्य विद्यापीठे दरवर्षी बाजारातील वाणांच्या तुलनात्मक चाचण्या घेऊन त्यांचे तक्ते प्रसिद्ध करतात. १९९८ च्या हंगामापर्यंत या तक्त्यांत ग्लायफोसेटसहिष्णू वाणांची संख्या पुरेशी वाढली होती. विस्कॉन्सिन विद्यापीठातील ई. एस. ऑप्लिंगर व सहकाऱ्यांनी उत्तरेकडील राज्यांचे आकडे एकत्र केले, तेव्हा सहिष्णू वाणांचे उत्पन्न पारंपरिक वाणांपेक्षा सरासरीने सु. ४ टक्के कमी आढळले. १९९९ मध्ये कृषि-अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स बेनब्रूक यांनी आठ राज्यांतील ८,२०० हून अधिक चाचणी-नोंदींचा आढावा घेतला. सर्व वाणांची सरासरी घेतल्यास ही तूट एकरी ३·१ बुशेल (हेक्टरी सु. २०८ किग्रॅ.) म्हणजे ५·३ टक्के आणि दोन्ही गटांतील सर्वोत्तम वाणांची तुलना केल्यास एकरी ४·६ बुशेल (हेक्टरी सु. ३०९ किग्रॅ.) म्हणजे ६·७ टक्के भरली.

या आकड्यांनी मोठी खळबळ उडाली. बियाण्यासाठी तंत्रज्ञान-शुल्क देणाऱ्या शेतकऱ्यास कमी धान्य मिळत असेल, तर तो व्यवहार कितपत फायद्याचा, असा सरळ प्रश्न त्यातून उभा राहिला. परंतु या तक्त्यांतही तुलनेच्या काही मर्यादा होत्या. पहिली अशी की, दोन गटांतील वाण आनुवंशिक दृष्ट्या भिन्न होते. नवा गुण पश्चसंकराने उतरविण्यास काही वर्षे लागतात व तेवढ्या काळात पारंपरिक वाणांची सुधारणा पुढे गेलेली असते. साहजिकच त्या वर्षीचे सहिष्णू वाण हे काही वर्षांपूर्वीच्या उत्तम वाणांवर आधारलेले होते. दुसरी मर्यादा अशी की, वाणचाचण्यांचे वाफे पारंपरिक तणनाशके व निंदणी यांच्या साहाय्याने संपूर्ण तणमुक्त ठेवण्याचा प्रघात असतो. सहिष्णू वाणाचा जो मुख्य उपयोग, तणे सहजपणे मारता येणे, त्याला अशा वाफ्यांत वावच नसतो.

येथून पुढे उत्पन्नातील तुटीची दोन कारणे वेगळी मानण्यात येऊ लागली. घातलेले जनुक, त्याचे गुणसूत्रावरील स्थान किंवा त्याच्याबरोबर आलेले शेजारचे तुकडे यांमुळे होणारी तूट ही जनुकजन्य घट होय. इंग्रजीत तिला ‘यील्ड ड्रॅग’ म्हणतात. ज्या वाणात गुण उतरविला तो वाणच जुना पडल्यामुळे दिसणारी तूट ही वाणजन्य पिछेहाट असून तिला ‘यील्ड लॅग’ असे नाव आहे. दुसरी तूट कालांतराने भरून निघते. पहिली, वंश तोच असेपर्यंत, टिकून राहण्याचा संभव असतो. शेतकऱ्याच्या खळ्यात दोन्हींचा परिणाम एकच असला, तरी पैदासकाराच्या दृष्टीने त्यांवरील उपाय भिन्न आहेत.

भगिनी वंशांची तुलना : ही दोन कारणे विलग करण्याचा सर्वांत काटेकोर प्रयत्न नेब्रॅस्का विद्यापीठात रॉजर एल्मोर व सहकाऱ्यांनी १९९८ व १९९९ या हंगामांत राज्यातील चार ठिकाणी केला. त्यांनी पश्चसंकरातून निघालेल्या भगिनी वंशांच्या पाच जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतील एक वंश सहिष्णू व दुसरा असहिष्णू असून इतर बाबतींत ते जवळजवळ सारखे होते. त्यांच्याबरोबर तीन अधिक उत्पन्न देणारे पारंपरिक वाणही पेरण्यात आले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहिष्णू वंशांचे उत्पन्न त्यांच्या असहिष्णू भगिनींपेक्षा ५ टक्के, म्हणजे हेक्टरी सु. २०० किग्रॅ., कमी होते. तीन पारंपरिक वाणांचे उत्पन्न असहिष्णू भगिनींपेक्षा ५ टक्के व सहिष्णू भगिनींपेक्षा १० टक्के अधिक भरले. याच संशोधकांच्या दुसऱ्या प्रयोगात ग्लायफोसेटाच्या फवारणीचा सहिष्णू वाणांच्या उत्पन्नावर परिणाम आढळला नाही.

या प्रयोगाचे महत्त्व त्यातील विभागणीत आहे. एकूण १० टक्के तुटीपैकी सुमारे निम्मी जनुकाशी किंवा त्याच्या अंतर्भावाशी निगडित होती व उरलेली वाणाच्या निवडीशी; फवारणीचा वाटा शून्य होता. डेलाने यांचा निष्कर्ष खोटा ठरला नाही आणि वाणचाचण्यांतील तूटही काल्पनिक ठरली नाही. मात्र ही घट जनुकाच्या कार्यामुळे की त्याच्या शेजारच्या तुकड्यांमुळे, हे या प्रयोगावरून सांगता येत नव्हते.

फवारणीचा परिणाम सर्व परिस्थितींत शून्यच असतो असेही नाही. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत नत्र स्थिर करणाऱ्या सूक्ष्मजंतूंचे ईपीएसपीएस ग्लायफोसेटास संवेदनशील असते. आर्कॅन्सॉ येथे सी. ए. किंग, एल. सी. परसेल व ई. डी. व्होरिस यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लवकर केलेल्या फवारणीनंतर नत्र-स्थिरीकरण काही काळ मंदावल्याचे व पाण्याचा ताण असताना हा परिणाम अधिक जाणवत असल्याचे दिसले. पुरेसा ओलावा असलेल्या जमिनीत पीक सहसा यातून सावरते.

शेतकऱ्यांच्या शेतावरील तुलना : प्रयोगक्षेत्रावर तूट दिसत असतानाही शेतकऱ्यांनी ही पद्धती विलक्षण वेगाने स्वीकारली. अमेरिकेतील सोयाबीनच्या एकूण क्षेत्रापैकी तणनाशकसहिष्णू वाणांखालील क्षेत्र १९९७ मध्ये १७ टक्के, २००१ मध्ये ६८ टक्के व २०१४ मध्ये ९४ टक्के होते. अमेरिकेच्या कृषिखात्यातील होर्हे फर्नांडेझ-कॉर्नेहो व विल्यम मॅकब्राइड यांनी १९९७ च्या शेत-सर्वेक्षणावरून केलेल्या विश्लेषणात या वाणांच्या स्वीकाराने उत्पन्नात अल्प वाढ दिसली. निव्वळ नफ्यावर मात्र लक्षणीय परिणाम आढळला नाही. मग स्वीकाराचे कारण काय, याचा शोध घेता पुढील अभ्यासात असे आढळले की, ही पद्धती वापरणाऱ्या कुटुंबांची शेतीबाहेरील मिळकत वाढली होती. फवारणीच्या वेळेत सवड मिळाल्याने व देखरेखीचे श्रम कमी झाल्याने वाचलेला वेळ ही कुटुंबे इतर कामांकडे वळवीत होती. हा लाभ खराच होता. परंतु हेक्टरी क्विंटलांत त्याची नोंद होणे शक्य नव्हते.

पद्धतीमुळे इतर मशागतही बदलली. डवरणीसाठी ओळींत जागा सोडण्याची गरज न उरल्याने सु. ७६ सेंमी. ऐवजी त्याच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी अंतरावर पेरणी करणे सोपे झाले. अरुंद ओळींतील पीक जमीन लवकर झाकते व उत्तरेकडील राज्यांत अनेकदा अधिक उत्पन्नही देते. विनामशागत पेरणीलाही यामुळे उत्तेजन मिळाले. पण ती पद्धती व अरुंद ओळी या दोन्ही गोष्टी १९९६ पूर्वीच प्रसार पावू लागल्या होत्या. त्यामुळे त्यांच्यामुळे मिळालेली वाढ पूर्णतः नव्या बियाण्याच्या खात्यावर जमा करता येत नाही.

अर्जेंटिना व रुमानिया : याच गुणाचे फलित देशपरत्वे किती बदलते, याची ही दोन ठळक उदाहरणे आहेत. अर्जेंटिनात ग्लायफोसेट स्वस्त होते आणि शेतकऱ्यास स्वतःच्या पिकातील बी राखून पेरण्याची कायदेशीर मुभा होती. माटिन काइम व ग्रेग ट्रॅक्सलर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तेथे सहिष्णू व पारंपरिक सोयाबीनच्या हेक्टरी उत्पन्नात लक्षणीय फरक नव्हता. तथापि खर्च घटल्याने एकूण घटक-उत्पादकता सरासरीने सु. १० टक्के वाढली होती. तणनाशकाचे एकूण प्रमाण वाढले, पण अधिक विषारी द्रव्यांचा वापर कमी झाला. विनामशागत पेरणीमुळे गहू निघताच त्याच शेतात सोयाबीन पेरता येऊ लागले. अशा ठिकाणी एका पिकाचे हेक्टरी उत्पन्न तेवढेच राहूनही वर्षभरात त्या जमिनीतून निघणारे धान्य वाढते. या विस्ताराची दुसरी बाजूही होती : कुरणे व वनजमिनी सोयाबीनखाली आल्या आणि एकाच पिकावरील अवलंबित्व वाढले.

रुमानियात १९९९ मध्ये लागवड सुरू झाली. सरकारी शेतांच्या विघटनानंतर तेथील जमिनींत बहुवर्षायू तणे माजली होती आणि उपलब्ध तणनाशकांनी ती आटोक्यात येत नव्हती. ग्रॅहम ब्रुक्स यांच्या शेत-सर्वेक्षणात या पद्धतीमुळे उत्पन्नात सरासरीने सु. ३१ टक्के वाढ आढळली. ज्या गुणामुळे नेब्रॅस्कात ५ टक्के घट दिसली, त्याच गुणामुळे येथे एवढी वाढ दिसण्याचे कारण बियाण्यात नसून आधीच्या तणनियंत्रणाच्या अवस्थेत होते. २००७ मध्ये रुमानिया यूरोपीय संघात सामील झाल्यावर संघाच्या नियमांमुळे ही लागवड थांबली.

यावरून एक सर्वसाधारण नियम निघतो. सहिष्णुतेचा गुण पिकाची उत्पन्नक्षमता वाढवीत नाही. तो तणांमुळे वाया जाणारा हिस्सा वाचवितो. हा हिस्सा आधीच अल्प असेल, तर वाचविण्यासारखे थोडेच उरते व जनुकजन्य घट किंवा वाणजन्य पिछेहाट उघडी पडते. तो मोठा असेल, तर हीच तूट लाभाखाली झाकली जाते.

नंतरच्या पद्धती : पहिल्या वंशातील दोष ओळखून त्याच सीपी-४ जनुकाचा ॲग्रोबॅक्टिरियमाच्या साहाय्याने ए ३२४४ या वाणात, गुणसूत्राच्या वेगळ्या स्थानी, अंतर्भाव करण्यात आला. या मॉन ८९७८८ वंशाचे वाण २००९ मध्ये बाजारात आले. आधीच्या सहिष्णू वाणांपेक्षा ७ ते ११ टक्के अधिक उत्पन्न, असा त्यांविषयी कंपनीचा दावा होता. या दाव्यातील तुलना पहिल्या पिढीतील सहिष्णू वाणांशी होती, पारंपरिक वाणांशी नव्हती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच वर्षी ग्ल्युफोसिनेटसहिष्णू सोयाबीनही अमेरिकेत आले. ब्राझीलमध्ये एम्ब्रापा ही सरकारी संशोधन संस्था व बीएएसएफ कंपनी यांनी मिळून इमिडॅझोलिनोन गटास सहिष्णू असे सोयाबीन विकसित केले. त्यास २००९ मध्ये मान्यता मिळाली.

दरम्यान तुलनेचा पायाच ढळू लागला. २००० मध्ये डेलावेअर राज्यात ग्लायफोसेटसहिष्णू सोयाबीनच्या शेतात ग्लायफोसेटास न जुमानणारे घोडशेपट तण आढळले व मार्क व्हॅनगेसेल यांनी त्याची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध केली. काही वर्षांतच माठाच्या वंशातील पामर ॲमरँथ व वॉटरहेंप या झपाट्याने वाढणाऱ्या तणांचे प्रतिरोधक प्रकार पसरले. एकाच द्रव्यावर वर्षानुवर्षे विसंबल्याचा हा परिणाम होता. प्रारंभीच्या चाचण्यांत गृहीत धरलेली एक-दोन फवारण्यांची सुलभता अशा शेतांत उरली नाही. पेरणीपूर्वीची तणनाशके पुन्हा वापरावी लागली व काही ठिकाणी मजुरांकडून तणे उपटून घेण्याची वेळ आली. कोणतीही एक-दोन हंगामांची चाचणी हा खर्च दाखवू शकत नाही, कारण तो अनेक हंगामांनंतर उद्भवतो.

डायकँबा या तणनाशकास सहिष्णू असलेल्या सोयाबीनमुळे तुलनेच्या क्षेत्राचा प्रश्न पुढे आला. नेब्रॅस्का विद्यापीठातील संशोधनावर आधारित असे हे वाण २०१६ पासून अमेरिकेत विकले जाऊ लागले. डायकँबा हवेत पसरून दूरवरच्या असहिष्णू सोयाबीनलाही बाधते. मिसूरी विद्यापीठातील केव्हिन ब्रॅडली यांच्या संकलनानुसार २०१७ च्या हंगामात सु. ३६ लाख एकर (सु. १४·५ लाख हेक्टर) सोयाबीनला अशी इजा पोहोचली. सहिष्णू वाण पेरणाऱ्याच्या शेतातील उत्पन्न चांगले आले, तरी शेजाऱ्याच्या शेतातील तूट त्या हिशेबात धरावी की नाही, हा प्रश्न वाफ्यांच्या चाचणीत उद्भवतच नाही. काही शेतकऱ्यांनी उत्पन्नासाठी नव्हे, तर बचावासाठी हे वाण स्वीकारले. डायकँबाच्या या वापराचे परवाने अमेरिकेतील न्यायालयांनी २०२० व पुन्हा २०२४ मध्ये रद्द ठरविले.

राष्ट्रीय सरासरीची साक्ष : अमेरिकेतील सोयाबीनचे सरासरी उत्पन्न १९९६ मध्ये एकरी ३७·६ बुशेल (हेक्टरी सु. २·५ टन) होते, २०१६ मध्ये ते ५१·९ बुशेलांवर (हेक्टरी सु. ३·५ टन) गेले. ही वाढ सहिष्णू वाणांमुळे झाली असे अनेकदा सांगण्यात येते. परंतु वाणसुधारणा, लवकर पेरणी व सुधारित यंत्रे यांमुळे हे उत्पन्न १९९६ च्या आधीपासून जवळजवळ त्याच गतीने चढत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २०१६ मधील अहवालात म्हटले आहे की, जनुकांतरित पिकांमुळे देशातील उत्पन्नवाढीची गती लक्षणीय प्रमाणात बदलल्याचा पुरावा आकडेवारीत दिसत नाही. जेथे तणनियंत्रण सुधारले तेथे मात्र उत्पन्नास हातभार लागला. तसेच वाढीचे सगळे श्रेय नाकारून या वाणांमुळे देशाचे उत्पन्न घसरले असे म्हणणेही याच आकड्यांवरून टिकत नाही. आरंभीची ५ टक्के तूट वाणसुधारणेच्या ओघात राष्ट्रीय सरासरीत विरून गेली.

भारतातील संदर्भ : भारतात जनुकांतरित सोयाबीनच्या लागवडीस मान्यता देण्यात आलेली नाही, २०२१ मध्ये मात्र पशुखाद्यासाठी अशा सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास केंद्र शासनाने परवानगी दिली. देशातील बहुतेक सोयाबीन मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांत खरीप हंगामात, प्रायः पावसाच्या पाण्यावर घेतले जाते व हेक्टरी उत्पन्न सु. १ टनाच्या आसपास घोटाळते. पिकाच्या नाजूक काळातच पावसाची झड लागल्यास वाफसा मिळत नाही, डवरणी व खुरपणी लांबते आणि मजुरांची टंचाई भासते. पेंडिमेथॅलिन व इमॅझेथॅपिर यांसारख्या द्रव्यांचा वापर रूढ झाला असला, तरी तणांमुळे होणारी हानी येथे मध्य-पश्चिम अमेरिकेपेक्षा अधिक संभवते.

यावरून रुमानियासारखी वाढ येथेही मिळेल असे अनुमान काढणे मात्र घाईचे ठरेल. येथील अल्प उत्पन्नास पावसाचा खंड, कमी कालावधीचे वाण, खोडमाशी व चक्रीभुंगा यांसारख्या किडी, तसेच पिवळा मोझॅक रोग हीही कारणे आहेत व सहिष्णुतेच्या गुणाचा त्यांवर काहीच परिणाम होत नाही. शिवाय पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेल्या एमएसीएस मालिकेसारख्या स्थानिक वाणांऐवजी दुसऱ्याच हवामानातील वाणात तो गुण असेल, तर वाणजन्य पिछेहाट अमेरिकेतल्यापेक्षा मोठी असू शकेल. निंदणी हा शेतमजूर स्त्रियांच्या मिळकतीचा एक आधार असल्याने शेतकऱ्याची बचत व मजुराचे नुकसान हे दोन्ही एकाच हिशेबात येतात.

तुलनेचे निकष : पाव शतकाहून अधिक काळच्या या अनुभवातून उत्पन्नाची तुलना वाचताना लक्षात ठेवावयाच्या काही बाबी स्पष्ट झाल्या आहेत. फवारणीचा परिणाम पाहावयाचा असल्यास एकाच वाणाचे फवारलेले व न फवारलेले वाफे घ्यावे लागतात. जनुकाचा परिणाम पाहावयाचा असल्यास भगिनी वंश. बियाणे निवडावयाचे असल्यास त्या भागातील दोन्ही गटांचे सर्वोत्तम वाण. आणि संपूर्ण पद्धतीचा परिणाम पाहावयाचा असल्यास शेतकऱ्याच्या नेहमीच्या परिस्थितीतील अनेक हंगामांची शेते. एका प्रकारच्या तुलनेचे उत्तर दुसऱ्या प्रश्नास लावल्यास आकडा अचूक असूनही निष्कर्ष चुकीचा ठरतो. पहिल्या तिन्ही तुलना वाफ्यांवर एक-दोन हंगामांत पुऱ्या होतात; प्रतिरोधक तणे, शेजारच्या पिकास होणारी इजा व बियाण्यावरील अवलंबित्व यांचा अंतर्भाव केवळ चौथ्या प्रकारात व तोही दीर्घकाळ केल्यासच होऊ शकतो. सोयाबीनच्या बाबतीत शेतकऱ्याचे हित ठरविणाऱ्या बऱ्याच गोष्टी याच चौथ्या प्रकारात मोडतात.